सोयाबीनचा भाव, ढाक्याची शिलाई आणि आमची पेठ

'उगवत्या बाजारपेठा' हे शब्द आता धाराशिवच्या कापड पेठेतही ऐकू येऊ लागले आहेत. कोणी मोबाईलवर ब्राझील आणि इंडोनेशियाच्या शेअर बाजाराचे आलेख दाखवतो. कोणी दुबईच्या अमुक कंपनीत पैसे ठेवले तर दरमहा शेकडा पाच सुटतात, असे कानात सांगतो. ऐकणारे आपलेच लोक असतात. शिलाईकाम करणारे, गाद्या भरणारे, बांगड्यांचे दुकान चालवणारे. त्यांच्या गाठीला मुलीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी साठवलेले दोन-चार लाख रुपये असतात, आणि नेमक्या त्याच पैशावर या सांगणाऱ्यांची नजर असते. म्हणून या विषयावर लिहिणे आम्हाला जरुरीचे वाटले. आम्ही अर्थशास्त्री नाही. उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी अर्थपत्र वाचायचे तर आजही मुलाला जवळ बसवावे लागते. पण कापडाच्या धंद्यात उमर गेली आहे आणि जगाचा बाजार आमच्या गल्ल्यापर्यंत कसा येतो, हे रोज पाहतो आहोत.

आधी या शब्दाची हकीकत सांगतो, कारण ती व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी आहे. १९८१ साली जागतिक बँकेच्या गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात आंत्वान व्हान आख्तमाल नावाचे अधिकारी होते. गरीब देशांच्या शेअर बाजारात पैसा लावणारा एक फंड त्यांना विकायचा होता आणि त्याचे नाव होते 'तिसऱ्या जगाचा फंड'. तिसरे जग म्हटले की धनिकांच्या डोळ्यांपुढे दुष्काळ आणि उपासमार येई. मग त्यांनी नाव बदलून 'उगवत्या बाजारपेठा' असे केले. माल तोच, ठाणावरची चिठ्ठी तेवढी नवी. दुकानदारीच ती! पुढे २००१ साली गोल्डमन सॅक्सच्या जिम ओनील यांनी ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांच्या आद्याक्षरांवरून 'ब्रिक' हा शब्द काढला. तोही असाच चालला, इतका की त्या देशांच्या सरकारांनी त्याच नावाने संघटना उभी केली.

तेव्हा नावाला भुलू नये. पण नावामागचा व्यवहार खरा आहे आणि तो आमच्या जिल्ह्याला नवा नाही. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती देणारे 'पेरिप्लस' लिहून ठेवले. त्यात तगरचे नाव आहे. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तेथून रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदराला काय जाते, तर कापड. पुष्कळसे साधे कापड, शिवाय निरनिराळ्या जातीची मलमल. तेरच्या उत्खननात रोमन व्यापाराच्या खुणा निघाल्या आणि तेथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात. ज्या जिल्ह्याला २०१८ साली सरकारने आकांक्षित म्हणजे मागास जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्याच जिल्ह्यातून दोन हजार वर्षांपूर्वी बैलगाड्यांनी कापड परदेशी जात होते. त्यात साध्या कापडाचा वाटा मोठा होता, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते.

आज मात्र परदेशी बाजार आमच्याकडे कापडाच्या वाटेने येत नाही, सोयाबीनच्या वाटेने येतो.

धाराशिव, कळंब, वाशी, भूम, तुळजापूर, कुठेही जा, खरिपात सोयाबीन आणि सोयाबीनच. कापड दुकानाची निम्मी विक्री दसरा-दिवाळीला होते आणि ती रास झाल्यावर आडतीतून मिळणाऱ्या पैशावर होते. शेतकऱ्याचे सोयाबीन विकले की उधारी वसूल होते, साडी उठते, पोराला शर्टपँट शिवली जाते, आणि मग शिंप्याला काम मिळते. भाव पडला की बाई दुकानात येते, पदर चाचपून पाहते आणि 'पुढच्या बाजारी येते' म्हणून निघून जाते. आता हा भाव कोण ठरवतो? लातूरचा आडत्या ठरवतो असे पुष्कळांना वाटते. आडत्या फक्त पुकारतो.

शंभर किलो सोयाबीन गाळले तर साधारण अठरा किलो तेल निघते आणि ऐंशीच्या आसपास पेंड. म्हणजे सोयाबीन हे नावाला तेलबी. वजनाने ते पेंडीचे पीक आहे. तेलाचा भाव इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलावर आणि अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयातेलावर ठरतो, कारण आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागवतो. पेंडीचा भाव शिकागोच्या वायदे बाजाराकडे पाहून ठरतो. ब्राझील जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकवतो आणि अर्जेंटिना सर्वांत जास्त पेंड विकतो. हे दोन्ही देश त्या 'उगवत्या' यादीतलेच. म्हणजे आमच्या कळंबच्या शेतकऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी बार्शीचा शेतकरी नसून ब्राझीलचा हजारो एकरांचा मालक आहे.

उदाहरण घ्या. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात पोते नव्हते. माल साठेबाजांकडे होता. कुक्कुटपालन करणाऱ्यांनी ओरड केली. सरकारने ऑगस्टमध्ये बारा लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली, आणि रास होईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ज्या दुकानदारांनी उन्हाळी भाव पाहून दिवाळीसाठी दुप्पट माल भरला, त्यांची ठाणे पुढच्या वर्षापर्यंत फळीवर राहिली. २०२४ मध्ये उलटे झाले. १४ सप्टेंबरला सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्के केले. सगळ्यांना वाटले, आता भाव चढणार. तेल चढले, सोयाबीन चढले नाही. हमीभाव ४,८९२ रुपये असताना ऑक्टोबरमध्ये बाजार त्याच्या बराच खाली चालला. कारण पेंड उठत नव्हती. दक्षिण अमेरिकेची पेंड स्वस्त, आणि आपल्याकडेच मका व तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागलेला. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचे ते शुल्क पुन्हा दहा टक्क्यांवर आणले गेले. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम आणि सगळ्याच मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्याने पीक पाण्यात घातले. पण त्यामुळे जगाचा भाव काही चढला नाही. ब्राझीलला परंडा कुठे आहे ठाऊक नाही.

आमच्या दुकानदार बांधवांना आमचे सांगणे इतकेच की, दिवाळीचा माल भरण्यापूर्वी सुरतेच्या दलालाला जसा फोन करता, तसाच लातूरच्या एखाद्या तेलगिरणीत करा आणि पेंडीला मागणी आहे का, एवढे विचारा. तेलाचे विचारू नका, पेंडीचे विचारा.

आता आमच्या स्वतःच्या धंद्याकडे वळतो. सुमारे सत्तर किलोमीटरवरचे सोलापूर टॉवेल आणि चादरीसाठी जगात ओळखले जाते; दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्या मागांवर आपलेही पुष्कळ लोक राबतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ७ तारखेला पंचवीस टक्के आणि २७ तारखेला रशियन तेलाचे कारण देऊन आणखी पंचवीस, असा एकूण पन्नास टक्के जादा कर लावला. त्याच वेळी बांगलादेश आणि व्हिएतनामवर वीस आणि पाकिस्तानवर एकोणीस टक्के होता. हिशेब सरळ आहे. शंभराचा भारतीय टॉवेल तेथे दीडशेला पडू लागला, शेजाऱ्याचा एकशेवीसला. तिरुपूर, पानिपत, सोलापूर, सगळीकडे धास्ती पसरली. हे दर पुढे बदलत गेले, आणि राजकारणावर चालणारे दर बदलतच राहणार. पण ज्यांची सगळी विक्री एकाच देशात होती त्यांचे हाल झाले, आणि ज्यांचा माल आखाती देश व आफ्रिकेतही जात होता ते त्यामानाने उभे राहिले. एकाच गिऱ्हाइकाला सगळे ठाण उधार देऊ नये, हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले आहे. देशाचे तसेच आहे. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि त्यामुळे आपले कापड व कपडे तेथे बिनजकात जातात. या कराराची माहिती आपल्या किती व्यापाऱ्यांना आहे? ज्यांचे भाऊ-भाचे दुबई-शारजात राहतात त्यांनाही नाही.

त्याच ऑगस्टात दुसरी गोष्ट घडली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. मागवाल्याला ते बरे वाटले. पण मराठवाड्यातला कापूस उत्पादक हाही आमचे गिऱ्हाईकच आहे. त्याच्या खिशातून अकरा टक्के काढून सूत स्वस्त केले, तर ते कापड घेणार कोण, हा प्रश्न आम्हाला पडतो. गिरणीवाल्यांच्या संघटना दिल्लीत आहेत, शेतकऱ्याची आणि किरकोळ दुकानदाराची कोणी नाही.

ढाक्याचे उदाहरण आम्हाला सविस्तर द्यावेसे वाटते, कारण आमच्या कारागिरांच्या कामाचे तेच आहे.

बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. १९७१ च्या युद्धानंतर तो देश पुरता कंगाल होता. आज तो वर्षाला पस्तीस अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे तयार कपडे परदेशी विकतो आणि या धंद्यात चीनच्या खालोखाल त्याचे नाव घेतले जाते. हे घडले कसे? त्या काळी श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा ठेवला होता. दक्षिण कोरियाचा कोटा संपत आला, बांगलादेशला कोटाच नव्हता. कोरियाच्या देवू कंपनीने नूरुल कादिर या निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या 'देश गारमेंट्स' शी करार केला आणि १९७९ मध्ये सुमारे एकशेतीस तरुण-तरुणींना बुसानला नेऊन सहा महिने शिकवले. कापणी, शिलाई, तपासणी, यंत्राची दुरुस्ती, परदेशी ऑर्डरची कागदपत्रे, सगळे. परत आल्यावर चितगावला कारखाना सुरू झाला. थोड्या वर्षांत त्या एकशेतीसांपैकी बहुतेक जण नोकरी सोडून गेले आणि कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाचे नुकसान झाले असेल, देशाचे नशीब उघडले. सरकारनेही दोन गोष्टी केल्या. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर जकात न घेता ते बंधपत्रित गोदामात ठेवू दिले, आणि हाती भांडवल नसताना परदेशी ऑर्डरच्या पतपत्रावरच कापडाचे पतपत्र उघडण्याची सोय करून दिली. म्हणजे खिशात पैसा नसलेला, पण हातात हुन्नर आणि ऑर्डर असलेला माणूस कारखानदार होऊ शकला.

१ जानेवारी २००५ रोजी जगातला कोटा उठला. आमच्याकडे तेव्हा मोठी चर्चा झाली की आता भारताचे दिवस आले. दिवस चीनचे आले आणि बांगलादेशचेही टिकले.

तेथले सगळेच गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार दगावले. त्यांत बहुतेक बाया होत्या. भिंतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर बोलावले गेले. स्वस्त शर्टाची ती किंमत कोणत्याही लेबलवर छापलेली नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील सरकार उलथले. १७ मे २०२५ रोजी आपल्या सरकारने बांगलादेशी कपड्यांना जमिनीच्या नाक्यांवरून मज्जाव करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून येऊ द्यायचे ठरवले. २०११ पासून हा माल बिनजकात येत होता आणि आमच्या पेठेतल्या टी-शर्टांतही तो होता. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अतिमागास देश म्हणून बांगलादेशला युरोपात मिळणारी करमाफी कायमची नाही. त्या यादीतून त्याने बाहेर पडण्याची तारीख संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ठरवली. ती पुढे ढकलावी म्हणून तेथले कारखानदार धडपडत आले आहेत. ती सवलत आज ना उद्या जाणार, आणि मग ज्या शिलाईला आज ढाका मिळते तिच्यातला काही वाटा दुसरीकडे सरकेल. तो घ्यायला कोण तयार असेल, एवढाच प्रश्न आहे.

आता त्या दरमहा शेकडा पाचवाल्यांविषयी. दरमहा पाच टक्के म्हणजे नफा त्यातच ठेवला तर वर्षाला शेकडा ऐंशीच्या आसपास. कापडाच्या घाऊक धंद्यात रात्रंदिवस खपून, उधारी बुडण्याचा धोका घेऊन विक्रीवर पाच-सात टक्के मिळाले तर आपण शुक्र मानतो. मग न दिसणारा माणूस, न दिसणाऱ्या मालावर, परक्या मुलखात बसून हे देतो कुठून? नव्याकडून घेऊन जुन्याला देतो, एवढाच त्याचा धंदा. जून २०१९ मध्ये बंगळूरची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी कंपनी बुडाली, तेव्हा हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. कंपनीचा प्रमुख दुबईला निघून गेला आणि पुढच्या महिन्यात त्याला अटक झाली. ज्याच्या दुकानाला दाढी आणि तसबीह पाहून लोक येतात, त्याचा हिशेब दुप्पट तपासावा असे आमचे मत आहे. परकीय चलनाच्या सट्ट्याचे जे ॲप फिरते आहे, त्याचे नाव रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत आहे का, ते तरी पाहावे. सप्टेंबर २०२२ पासून बँक अशी यादी प्रसिद्ध करते. यादीत नाव नसले म्हणजे परवानगी आहे असाही अर्थ नाही.

शेअर बाजाराला आम्ही नावे ठेवत नाही. व्याजावर चालणाऱ्या बँका, दारू वगैरे धंदे आणि अति कर्जबाजारी कंपन्या वगळणारे शरिया निर्देशांक आपल्या देशात आहेत. मुंबई शेअर बाजारानेही २०१० मध्ये एक सुरू केला. टाटा एथिकल यांसारखे फंड त्या धर्तीवर चालतात. त्यांत पैसा घालावा की नाही हे उलेमांना आणि जाणकाराला विचारून ज्याचे त्याने ठरवावे. फक्त एक जाणून असावे. 'उगवत्या बाजारपेठां'त परक्यांचा पैसा एकत्रच येतो आणि एकत्रच जातो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस चीनने आपला बाजार सावरण्याच्या घोषणा केल्या आणि ऑक्टोबरात परदेशी संस्थांनी आपल्या शेअर बाजारात विक्रमी विक्री केली. आपल्या कंपन्यांनी त्या महिन्यात काही पाप केले नव्हते. दोन वर्षांनी मुलीचे लग्न असेल तर तो पैसा अशा भरती-ओहोटीच्या जागी ठेवू नये. आणि ज्यांची मुले आखातात आहेत, त्यांना परकीय चलनाचा नाद कशाला? दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला, तेव्हा हजार दिरहमचे घरबसल्या साडेचोवीस हजार झाले. तुमचा मुलगा हीच तुमची परकीय गुंतवणूक आहे.

मग पैसा घालावा कशात? आमच्या मते हातात. सोलापूरने शालेय गणवेशाच्या धंद्यात बसवलेला जम पाहा. तेथे दहा वर्षांपूर्वी जे घराघरांत शिवत होते त्यांनी एकत्र येऊन प्रदर्शने भरवली, बाहेरचे खरेदीदार बोलावले. आमच्या जिल्ह्यात कौडगावला टेक्निकल टेक्स्टाईलचा प्रकल्प येणार म्हणून चर्चा होते. येवो, आनंद आहे. पण तो आला तरी त्याला शिकलेले हात लागतील आणि आपली मुले तेव्हा दाराशी वॉचमन म्हणून उभी राहू नयेत. सप्टेंबर २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपी आहे. प्रशिक्षण, रोजचा भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. त्यातले कर्ज व्याजाचे आहे, ते घ्यायलाच हवे असे नाही. (आपल्या नद्दाफ बांधवांचे पिंजणकाम मात्र त्या अठरांत नाही. फोमच्या गादीने ज्यांची रोजी गेली, त्यांची आठवण कोणाला झाली नाही.) आयात-निर्यात कोड घरबसल्या पाचशे रुपयांत निघतो. डाकघर निर्यात केंद्रांतून दहा-वीस किलोचे पार्सल कागदपत्रांसह परदेशी पाठवता येते. बुरखे, नमाजची चटई, लहान मुलांचे कुर्ते, असा माल शारजातल्या एखाद्या दुकानात नमुन्यादाखल पाठवून पाहायला कारखाना लागत नाही.

आमच्या पेठेत आम्ही काही जणांशी बोललो आहोत. प्रत्येक दुकानाने दरमहा ठरावीक रक्कम टाकावी आणि दहा-बारा मुला-मुलींना सोलापूरच्या गणवेश कारखान्यात सहा महिने शिकायला ठेवावे, असा विचार आहे. त्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च निधीतून जाईल. परत आल्यावर त्यांनी आमच्याकडेच काम करावे अशी अट आम्ही घालणार नाही. दोन-तीन दुकानदारांना हे पटलेले नाही. शिकून दुसऱ्याकडे गेले तर आपला पैसा बुडाला, असे ते म्हणतात. त्यांना आम्ही चितगावची गोष्ट सांगितली आहे. गणवेशाचे काम जानेवारीत सुरू होऊन जूनपर्यंत चालते, तेव्हा पहिली तुकडी दिवाळी झाल्याबरोबर निघायला हवी. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी आपापल्या मोहल्ल्यातील दुकानदारापाशी द्यावीत. मुलींची नावे आधी घेतली जातील, कारण शिलाई त्यांना आधीच येते.